संकल्प मोडतो कुठे?

गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही व्यसनमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. वंदना झाली, भाषणे झाली आणि शेवटी माईकवरून सांगितले, "जे आजपासून तंबाखू, गुटखा, मिश्री सोडणार आहेत त्यांनी पुढे यावे." बरेच जण पुढे आले. आम्ही कागद फिरवला, सह्या घेतल्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अंगठे घेतले. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, खीर खाऊन मंडळी घरी गेली.

महिन्याभराने तोच कागद घेऊन आम्ही घरोघर फिरलो. ज्यांची खरोखर सुटली होती ते बोटांवर मोजण्याइतके निघाले. बाकीच्यांपैकी कुणी हसून वेळ मारून नेली, कुणी आम्हाला बघून दार लोटून घेतले. त्यात एक काका होते. कंत्राटी सफाई कामगार. गटारात उतरायचे तर वास सहन व्हावा म्हणून तंबाखूचा बार भरायचा, ही सवय त्यांना पहिल्या आठवड्यातच लागली होती. व्यासपीठावर सगळ्यांत आधी हात त्यांनीच वर केला होता. नंतर मात्र आम्ही दिसलो की ते मागच्या गल्लीने निघून जायचे.

पुढे बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या सुनेकडून कळले की काकांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आला आहे, तिखट खाल्ले की आग होते, आणि ते दवाखान्यात जायला तयार नाहीत. आम्ही भेटलो तेव्हा म्हणाले, "तिथं तुमच्यातलंच कुणीतरी भेटलं असतं. सुटली का म्हणून विचारलं असतं. काय सांगू?"

आम्हाला हे वाक्य फार लागले. तंबाखूने काकांचे नुकसान केलेच होते, पण डॉक्टरांकडे जाण्यापासून त्यांना अडवले ते आमच्या कार्यक्रमाने. चारचौघांत शपथ घ्यायला लावली आणि ती मोडली तर काय करायचे, कुणाला सांगायचे, हे त्या कागदावर कुठेच नव्हते. काकांचा तुकडा तपासणीला गेला, आता उपचार सुरू आहेत. चट्टा आला तेव्हाच दाखवला असता तर बरे झाले असते, एवढेच डॉक्टर म्हणाले.

म्हणून या महिन्यात आरोग्याच्या पानावर आजार किंवा औषध असा विषय न घेता संकल्पाबद्दलच लिहायचे ठरवले. तो कसा करावा, कुठे मोडतो आणि मोडल्यावर काय करावे.

आपल्याकडे संकल्प मोडला की लगेच ठपका ठेवतात, "मनच कच्चं आहे त्याचं." ज्या माणसाने बारा-बारा तास उभे राहून लेकरांची शिक्षणे केली त्याचे मन कच्चे कसे असेल? आम्हाला हे पटत नाही, आणि ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला त्यांनाही वेगळेच दिसले आहे. २००२ साली ब्रिटनमध्ये महाविद्यालयातल्या २४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा निदान २० मिनिटे दमदार व्यायाम करायचा, एवढेच काम. एका गटाला विशेष काही सांगितले नाही. दुसऱ्या गटाला व्यायामाने हृदयविकार कसा टळतो याचे पत्रक वाचायला दिले. तिसऱ्या गटाला तेच पत्रक दिले, आणि शिवाय एका कागदावर लिहायला लावले की पुढच्या आठवड्यात मी अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक जागी व्यायाम करीन. पहिल्या गटातल्या शंभरातल्या ३८ जणांनी व्यायाम केला. पत्रक वाचणाऱ्या गटात ३५ जणांनी, म्हणजे काहीच फरक पडला नाही. तिसऱ्या गटात शंभरातल्या ९१ जणांनी केला.

आमचा कार्यक्रम म्हणजे ते दुसऱ्या गटाचे पत्रक होते. भाषण उत्तम झाले, लोकांना पटलेही. पण "सोडणार" हे ठरले. उद्या सकाळी सहाला, हातात पुडी नेहमी येते त्या वेळी काय करायचे, ते ठरलेच नाही. पीटर गोल्विट्झर नावाचे जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी ही रीत मांडली. आपल्या भाषेत तिला 'जेव्हा-तेव्हा' म्हणता येईल. जेव्हा अमुक घडेल, तेव्हा मी तमुक करीन. हे आधीच ठरलेले असले की ऐन वेळी मनाशी भांडत बसावे लागत नाही, कारण ऐन वेळी भांडण झाले तर बहुतेक वेळा पुडीच जिंकते.

आता एका मावशीचे सांगतो. वय साठीच्या आसपास, चार घरची धुणीभांडी करतात. तीस वर्षांपासून मिश्री. यापूर्वी तीनदा शपथ घेऊन झाली होती, एकदा तर नातवाच्या डोक्यावर हात ठेवून. आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते शपथ न मागता. नुसते विचारले, "मावशी, दिवसातून कधी कधी लावता?" त्यांनाही नीट सांगता येईना. मग तीन दिवस नातीने वहीत टिपून ठेवले. पाचदा निघाली. पहाटे सार्वजनिक संडासाच्या रांगेत, कामावरून परत आल्यावर, जेवणानंतर, संध्याकाळी दारात बायका बसतात तेव्हा, आणि झोपताना. मावशी म्हणाल्या, "बाकीची कशी तरी सुटंल. सकाळची नाही सुटायची. मिश्री लावल्याबिगर पोट साफ होत नाही बाई."

ही गोष्ट अनेक भगिनी सांगतात आणि ती खोटी नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यातल्या निकोटिनने आतड्याची हालचाल वाढते, आणि ते एकदम थांबले की काही दिवस पोट जड राहते. पण तेवढेच. शरीर थोड्याच आठवड्यांत सावरते. तेवढ्या दिवसांची सोय मात्र आधी करून ठेवावी लागते. मावशींनी ठरवले ते असे. उठल्याबरोबर एक तांब्या कोमट पाणी. रात्रीच्या जेवणात रोज पालेभाजी किंवा मोड आलेली मटकी. आणि रांगेत बादली टेकवली की तोंडात बडीशेप. मिश्रीची डबी मोरीजवळच्या फळीवर असायची, तिथे बडीशेपेची डबी ठेवली. हात सवयीने तिकडेच जाणार, तर जाऊ दे.

तारीखही त्यांनी स्वतः निवडली. आम्ही म्हणत होतो, उद्याच करा. त्या म्हणाल्या, पुतणीची हळद आहे, लग्नघरात चार बायका बसल्या की मिश्री फिरतेच, लग्न उरकलं की सोमवारपासून. आम्हाला वाटले ही टाळाटाळ आहे. पण बरोबर त्याच होत्या. दोन आठवड्यांच्या आतली तारीख असावी, फार लांबची नको, पण ती माणसाने आपले दिवस पाहून निवडावी. आम्ही १४ ऑक्टोबर सगळ्यांच्या गळ्यात बांधला होता. दिवस मोठा आहे, पण त्या दिवशी कुणाच्या घरी पाहुणे असतात, कुणी दीक्षाभूमीहून रात्रभर प्रवास करून आलेले असते. अशा दमलेल्या सकाळी कुणाची तंबाखू सुटणार?

तंबाखू सोडल्यावर काय होते ते आधी माहीत असले की माणूस घाबरत नाही. चिडचिड होते, डोके दुखते, झोप नीट लागत नाही, भूक वाढते, कामात लक्ष लागत नाही. पहिले तीन दिवस सर्वांत वाईट. नंतर उतार पडत जातो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा त्रास जातो. तलफ येते ती लाटेसारखी येते आणि काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटे हाताला आणि तोंडाला काही तरी काम हवे. घोट घोट पाणी पिणे, लवंग चघळणे, दाराबाहेर चार फेऱ्या मारणे, कुणाला फोन लावणे, आपल्याला जमेल ते. फक्त तंबाखूऐवजी सुपारी धरू नका. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, आणि सुपारीनेच तोंड आक्रसून उघडेनासे होते. गुटख्यात तर दोन्ही असतात. २०१२ पासून महाराष्ट्रात त्याच्यावर बंदी आहे, ती कोणत्या टपरीवर पाळली जाते ते आम्हाला अजून सापडलेले नाही.

घरच्यांनाही एक विनंती. त्या पहिल्या आठवड्यात माणूस ताडकन बोलला तर "तंबाखू खात होतास तेच बरं होतं" असे म्हणू नका. आम्ही हे वाक्य इतक्या घरांत ऐकले आहे!

सरकारची मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६. तंबाखूच्या पुडीवर भीतिदायक चित्राखाली हाच नंबर छापलेला असतो. तिथे समुपदेशक बोलतात. ज्यांना खूपच त्रास होतो त्यांच्यासाठी निकोटिनचे च्युइंगगम मिळते, पण हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

दारूचे मात्र वेगळे आहे आणि इथे आम्हाला जरा जोर देऊन सांगायचे आहे. जो माणूस वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, सकाळी प्यायल्याशिवाय ज्याचे हात थरथरतात, त्याने शपथ घेऊन घरच्या घरी एकदम बंद करू नये. त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. त्याची पहिली पायरी म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाऊन डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडणे. अशा माणसाला व्यासपीठावर बोलावून शपथ देणे हा उपकार नव्हे.

मावशींची मिश्री सुटली का? पहिले वीस दिवस सुटली. मग शेजारच्या चाळीत एका जलदान विधीला गेल्या, तिथे बायकांत बसल्या, डबी पुढे आली आणि लावली. दुसऱ्या दिवशीही लावली. पूर्वीच्या तिन्ही वेळा इथेच सगळे संपले होते. "मोडलीच आता" म्हणून मोठी डबी घरात आली होती. या वेळी कागदावर शेवटची ओळ होती, 'मोडली तर दुसऱ्या सकाळी शेजारच्या ताईला सांगायचे.' दुसरी सकाळ हुकली, पण तिसऱ्या सकाळी त्यांनी सांगितले. ताई रागावल्या नाहीत, नुसते म्हणाल्या, "बरं, आज रांगेत माझ्या पुढं उभ्या राहा." परत बडीशेप सुरू झाली. त्यानंतर आणखी एकदा घसरल्या. आज विचाराल तर सुटली आहे. उद्याचे उद्या.

एक-दोन दिवस चुकल्याने सगळे वाया जात नाही, हेही तपासले गेले आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एकाच ठरलेल्या प्रसंगी एक छोटी गोष्ट करायला सांगितली, कुणी जेवताना फळ खायचे, कुणी जेवणापूर्वी धावायचे. १२ आठवडे पाहणी केली. गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरले तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. '२१ दिवसांत सवय लागते' असे मोबाईलवर फिरत असते, त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी स्वतःला नापास ठरवू नका. आपल्याकडे वर्षावास आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिन्यांचा असतो. विहारात रोज ग्रंथवाचनाला बसतोच आहोत, तर एक छोटी गोष्ट त्या वाचनाला जोडून द्यायला तेवढे दिवस चांगले आहेत. वाचनाला निघण्यापूर्वी रक्तदाबाची गोळी, उदाहरणार्थ.

गोळीचे नाव निघालेच आहे. रक्तदाबाच्या गोळ्या बंद का केल्या असे विचारले की बहुतेकांचे उत्तर येते, "बरं वाटत होतं." पण रक्तदाब वाढलेला असला तरी बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, आणि बरे वाटते ते गोळी चालू आहे म्हणूनही असू शकते. 'गोळी वेळेवर घेईन' हा संकल्प टिकत नाही, कारण वेळ म्हणजे कुठली वेळ? रोजच्या न चुकणाऱ्या कामाला ती बांधा. डॉक्टरांनी सकाळची सांगितली असेल तर गोळ्यांची पाकिटे चहाच्या डब्यात ठेवा. चहा कुणी विसरत नाही. पाकीट संपत आले, चारच गोळ्या उरल्या की दवाखान्यात जायचे, शेवटची संपेपर्यंत थांबायचे नाही.

मिठाबद्दलही असेच. 'मीठ कमी खाऊ' हे आम्हीही कैक वर्षे म्हणत आलो. किती कमी? जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर. पाच माणसांच्या घराला दिवसाला २५ ग्रॅम. एक किलोची पिशवी निदान ४० दिवस जायला हवी. नवी पिशवी फोडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहायची, एवढेच काम. आमच्यापैकी एकीच्या घरी ती २६ दिवसांत संपली. मग कळले की भातात मीठ, कणकेत मीठ, आणि वर ताटात वेगळे मीठ. ताटातले मीठ बंद केले, पिशवी लांबली. सुकट, बोंबील, लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठ या हिशेबात आलेले नाही, आणि घरात लहान मुले असतील तर त्यांना कमीच लागते. म्हणून ४० पेक्षा जास्त दिवस गेली तर उत्तमच.

कुणी म्हणेल, एवढ्या बारीकसारीक गोष्टींना संकल्प कशाला म्हणायचे, संकल्प बाबासाहेबांसारखा असावा. बाबासाहेबांचाच पाहू. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. 'कधी तरी परत येईन' एवढ्यावर त्यांनी सोडले नाही. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊनच ते निघाले. १९१८ च्या नोव्हेंबरपासून मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवले, पगारातून पैसे बाजूला टाकले. राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचे कर्ज त्यात घातले आणि १९२० मध्ये, मुदतीच्या आत, लंडन गाठले. पुढे डी.एस्सी.च्या प्रबंधात परीक्षकांनी फेरबदल मागितले. पैसे संपत आले होते. ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध सुधारला, पुन्हा पाठवला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली. मुदत, पैशाची सोय, मदतीला माणसे, आणि मागे ढकलले गेल्यावर पुन्हा पाठवणे. आपण ग्रंथालयातल्या तसबिरीकडे पाहतो तेव्हा ही हिशेबी बाजू आपल्या नजरेतून सुटते.

पैशावरून आठवले. समजा दहा रुपयांच्या तीन पुड्या रोज लागतात. दिवसाचे ३०, महिन्याचे ९००, वर्षाचे १०,९५०. मावशी आता मिश्रीचे पैसे बचत गटात वेगळे टाकतात. त्यांचा हिशेब नात ठेवते, आणि नातीला त्यातून काय घ्यायचे आहे ते तिने आधीच ठरवून ठेवले आहे.

एका वेळी मात्र एकच गोष्ट धरावी. तंबाखू, मीठ, चालणे आणि गोळी असे चारही एका सोमवारी सुरू केलेले आमच्यातलेच एक भाऊ बुधवारी परत टपरीवर होते. ते या पानाचे संपादनही करतात, म्हणून नाव देत नाही.

या वर्षी आमच्या विहारातला कागद आम्ही बदलला आहे. सह्यांची लांब यादी नाही. प्रत्येकाला स्वतःची एक चिठ्ठी, ती घरीच ठेवायची, पाहिजे तर कुणाला दाखवायची नाही. तिच्यावर पाच ओळी आहेत. मी कोणती एक गोष्ट करणार. कोणत्या तारखेपासून. जेव्हा काय घडेल, तेव्हा काय करीन. अडचण बहुधा कुठे येईल. मोडली तर कोणाला सांगीन. शेवटच्या ओळीत नाव लिहिताना असा माणूस निवडा जो ऐकून घेईल. तो विहाराचा पदाधिकारी असलाच पाहिजे असे नाही, नसला तर कदाचित बरेच.

आणि चिठ्ठीच्या मागे छापले आहे ते इथेही देतो. ज्यांची तंबाखू, मिश्री, गुटखा चालू आहे त्यांनीसुद्धा महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून तोंड पाहावे. ओठ खाली ओढून, गाल बाहेर ताणून, जीभ वर करून. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर दाताच्या डॉक्टरांना दाखवावे. मधली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का पाहावे. जात नसतील तरीही दाखवावे. काही चट्टे तंबाखू थांबवल्यावर कमी होतात, पण कोणता कमी होईल आणि कोणता नाही हे डॉक्टरच पाहून सांगतील. दवाखान्यात "सुटली का?" असे विचारले तर "नाही" म्हणून सांगावे. तपासणी तरीही करतात. काकांच्या सांगण्यावरून ही शेवटची दोन वाक्ये आम्ही मोठ्या अक्षरात छापली आहेत.